ओढून बघू नका, भिजवून वाळवून बघा

नवीन रिसर्च पेपर हाती आला की मी आधी ताण आणि लांबीचा आलेख शोधते. फ्युएल सेलसाठी मेम्ब्रेन बनवली, तिची ताकद नॅफिऑन या नेहमीच्या मेम्ब्रेनच्या दुप्पट आली, असं सारांशात दिमाखात लिहिलेलं असतं. मग मी प्रयोगपद्धतीत शिरते आणि पट्टी ओढताना ओली होती की कोरडी, खोलीत दमटपणा किती होता, तापमान काय होतं, हे हुडकते. पुष्कळदा ते सापडतच नाही. जिचं सगळं आयुष्य गरम वाफेत जाणार, तिची परीक्षा एसीच्या खोलीत सुकलेल्या पट्टीवर घ्यायची आणि पास म्हणून शिक्का मारायचा, हे मला पटत नाही. गेले काही दिवस हे डोक्यात घोळतंय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी दर्यापूर तालुक्यातली. कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि तास संपले की मागच्या खोलीत आयन वाहून नेणाऱ्या पॉलिमरच्या फिल्म करते. पीएचडी चालू आहे. कधी संपणार ते विचारू नये, घरचे विचारतात तेवढं पुरे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्युएल सेलमध्ये एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा, आणि मधे ही पातळ मेम्ब्रेन. तिच्यातून फक्त प्रोटॉन पलीकडे गेले पाहिजेत. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातील, म्हणजेच आपल्याला वीज मिळेल, आणि दोन्हीकडचे वायू आपापल्या जागी राहतील. हाच खेळ उलटा केला, म्हणजे वीज देऊन पाणी फोडलं, की इलेक्ट्रोलायझर. केंद्र सरकारनं जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटींचं नॅशनल ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हायड्रोजन बनवायचं लक्ष्य ठेवलं. त्या सगळ्या गप्पांत इलेक्ट्रोलायझर हा शब्द येतो, मेम्ब्रेन हा क्वचितच येतो.

पहिल्या मेम्ब्रेन सल्फोनेटेड पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे आम्लाचे गट जोडलेल्या एका प्लॅस्टिकच्या, होत्या. जनरल इलेक्ट्रिकच्या विलार्ड ग्रब यांनी 1955 च्या सुमारास अशा मेम्ब्रेनचा फ्युएल सेल पुढे आणला, आणि 1965 मध्ये जेमिनी-5 बरोबर तो अवकाशात गेला. पण त्या पॉलिमरची साखळी सेलच्या आतल्या ऑक्सिडेशनपुढे टिकत नसे. मग ड्यूपॉन्टच्या वॉल्टर ग्रॉट यांचं नॅफिऑन आलं. टेफ्लॉनसारखा कणा, त्याला लोंबणाऱ्या बाजूच्या साखळ्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला सल्फोनिक आम्ल. टेफ्लॉनला पाण्याचा तिटकारा, आम्लाला पाण्याची हाव. दोघं एकाच रेणूत कोंडलेले, त्यामुळे आम्लाचे गट एकत्र येऊन आत पाण्याचे बारीक मार्ग बनतात आणि प्रोटॉन त्यातून धावतात. पाणी नसेल तर मार्गच नाहीत. पूर्ण भिजलेल्या नॅफिऑनमध्ये एका सल्फोनिक गटामागे पाण्याचे साधारण 22 रेणू असतात. बऱ्यापैकी कोरड्या हवेत ते दोन-तीनवर येतात.

सगळी गोम इथंच आहे. प्रोटॉन चांगले वाहायला हवेत तर आम्लाचे गट वाढवा. गट वाढले की पाणी वाढतं, पाणी वाढलं की फिल्म फुगते आणि लिबलिबीत होते. बळकट हवी तर गट कमी करा, मग वीज अडते. दुसरा रस्ता जाडीचा. भिजलेल्या नॅफिऑनची वाहकता सेंटिमीटरला साधारण 0.1 सीमेन्स धरली तर 183 मायक्रॉनच्या नॅफिऑन 117 मध्ये दर चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर नेताना 0.18 व्होल्ट नुसते मेम्ब्रेनमध्ये जिरतात. तेच 25 मायक्रॉनच्या फिल्ममध्ये 0.025 व्होल्ट. एका सेलमधून कामाच्या वेळी मिळतात जेमतेम 0.6 ते 0.7 व्होल्ट. त्यातले 0.18 घरातच खर्च करणं कोणाला परवडेल? म्हणून गाड्यांच्या फ्युएल सेलमधल्या फिल्म वर्षानुवर्षं पातळ होत गेल्या. आणि पातळ झाल्या तसा चिवटपणाचा प्रश्न पुढे आला.

आता नॅफिऑन 115 आणि 117 च्या कंपनीनं दिलेल्या तक्त्याकडे बघा. 23 अंश, 50 टक्के दमटपणा: ताठपणा 249 मेगापास्कल, तुटण्याची ताकद रोलच्या दिशेनं 43. पाण्यात भिजवून त्याच तापमानाला: 114 आणि 34. भिजवून 100 अंशांना: 64 आणि 25. तीच फिल्म, तोच कारखाना. ताठपणा चौथ्या हिश्श्यावर आला. कोणत्या रकान्यातला आकडा घेऊन तुम्ही तुमच्या नव्या फिल्मशी तुलना केली, यावर तुमचा सगळा विजय अवलंबून आहे. आणि तुटण्याआधी ती दुपटीच्या पुढे लांबते, म्हणजे ओढून तोडायची म्हटली तर सहजी तुटत नाही. मग सेलमध्ये ती फाटते कशी?

सेलमध्ये तिला कोणी ओढतच नाही. चारी बाजूंनी गॅस्केटमध्ये दाबून बसवलेली, दोन प्लेटांच्या मधे आवळलेली. कोरड्यातून भिजली की त्याच तक्त्याप्रमाणे तिला लांबी-रुंदीत 10 टक्के वाढायचंय, उकळत्या पाण्यात 15 टक्के. पण वाढायला जागा नाही. मग ती आतल्या आत चेपते, सुरकुत्या पडतात, पॉलिमर कायमचा थोडा सरकून बसतो. गाडी थांबली, वायू कोरडे झाले, फिल्म सुकायला लागली. आता तिला आकसायचंय, आणि चेपून बसल्यामुळे ती आधीपेक्षाही लहान व्हायला बघते. कडा तर पक्क्या धरलेल्या. म्हणजे सुकताना ती ताणाखाली येते. पुन्हा भिजते, पुन्हा सुकते. एका वेळचा ताण तुटण्याच्या ताकदीपेक्षा खूप कमी असतो, पण तो रोज येतो. शेवटी गॅस्केटच्या कडेला, नाहीतर जिथं सुरकुती होती तिथं, सूक्ष्म चीर पडते. तिच्यातून हायड्रोजन पलीकडे जातो, उत्प्रेरकावर हवेशी जुळून तिथल्या तिथं जळतो, उष्णतेनं चीर मोठी होते, आणि सेल गेला.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं यासाठी एक चाचणी ठरवून दिली आहे. 80 अंश तापमान, दोन मिनिटं पूर्ण कोरडी हवा, दोन मिनिटं वाफेनं भरलेली हवा, असे 20,000 फेरे. वीज नाही, हायड्रोजन नाही, नुसतं भिजवणं आणि वाळवणं. चार मिनिटांचा एक फेरा धरला तर पावणेदोन महिने यंत्र अखंड चालतं. ओढून तोडायला दोन मिनिटं लागतात. आलेख कशाचे जास्त छापले जातात ते आलं लक्षात?

हे सगळं घरी बाबांना सांगताना मला फार कष्ट पडले नाहीत. आमचं वावर काळ्या मातीचं. पावसाळ्यात ती फुगते, बाजूला सरकायला जागा नसते म्हणून वर उचलते; घराच्या भिंतींना तडे जातात ते त्यामुळेच, पायाखाली मुरूम भरल्याशिवाय इकडं कोणी घर बांधत नाही. उन्हाळ्यात आकसते, आणि भेगा अशा पडतात की त्यात कोपरापर्यंत हात जावा. मेम्ब्रेनचंही अगदी हेच, फक्त मिलिमीटरच्या दशांशाहून लहान जाडीत. एकदा एक फिल्म ओल्या कापडात गुंडाळून घरी नेली होती. बाबांनी ती दोन बोटांत धरून ओढून बघितली.

"हे त मऊ हाय माय, फाटून नाही राह्यलं. मंग तुमचं अडलं कुठं?"

"ओली आहे म्हणून. उद्या बघा."

मे महिना होता. ओट्यावर उघडी ठेवलेली फिल्म सकाळी वळून कडक झाली होती, आणि बाबांनी दुमडताच कट्‌कन मोडली. ते थोडा वेळ त्या तुकड्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "भेग पडल्यावर काय बुजवतं? डवरा मारत राह्यलं त वरची माती भुरभुरी राह्यते. बारीक बारीक फुटते, म्हून मोठी भेग पडत नाही."

बाबांना पॉलिमर ठाऊक नाही, पण चिवटपणाचं जे शास्त्र आहे ते या वाक्याच्या जवळून जातं. एखादा पदार्थ चिवट केव्हा? चिरेच्या टोकाशी जमलेली ऊर्जा एकाच रेषेत न जाता आजूबाजूच्या मोठ्या भागात पसरून खर्ची पडते तेव्हा. तिथले रेणू घसरतात, ताणले जातात, काही दुबळे बंध तुटतात, आणि त्या तुटण्यात ऊर्जा संपते. मुख्य साखळ्या शाबूत राहतात. जपानच्या होक्काइदो विद्यापीठातल्या च्येन पिंग गोंग यांच्या गटानं 2003 मध्ये जाहीर केलेली दुहेरी जाळ्याची जेल याच तत्त्वावर आहेत. एक जाळं ताठ आणि ठिसूळ, दुसरं सैल आणि लांबणारं. ताठ जाळं आतल्या आत ठिकठिकाणी तुटतं आणि जेल अखंड राहते. नव्वद टक्के पाणी असलेली वस्तू चिवट होऊ शकते हे त्यांनी दाखवल्यावर आमच्यासारख्यांना आशा वाटायला लागली, कारण ओली असणं ही आमच्या फिल्मची सक्तीच आहे.

काळ्या मातीवरून आणखी एक. तिच्यात जे फुगणारं चिकण खनिज असतं त्याच्या कुळातलं मॉन्टमोरिलोनाइट हे मेम्ब्रेनमध्ये घालायचं आवडतं भरण आहे. एक नॅनोमीटर जाडीचे त्याचे पापुद्रे पॉलिमरमध्ये नीट विखुरले तर फिल्म ताठ होते, फुगणं कमी होतं, वायूची गळतीही कमी होते. आमच्या धुऱ्याच्या आत हे टनांनी पडलंय आणि प्रयोगशाळेसाठी आम्ही ते ग्रॅमच्या भावानं मागवतो. (वावरातली माती घालून बघ, असा सल्ला मला आतापर्यंत घरातल्या प्रत्येकानं दिला आहे. लोह असतं तिच्यात, ते पुढे येईल.) पण माझं मत विचाराल तर पापुद्रे घातलेली फिल्म बहुधा ताठ होते, चिवट नाही. लांबणं कमी होतं, आणि पापुद्र्यांचा गठ्ठा राहिला तर चीर तिथूनच सुरू होते. तरी पेपरात ताठपणाचा आकडा वाढला की "यांत्रिक गुणधर्म सुधारले" असं लिहून मोकळे.

ज्या उपायानं बाजारात खरोखर काम केलं तो आधाराचा. 1969 मध्ये बॉब गोर यांनी गरम टेफ्लॉनची कांडी एकदम झटक्यानं ओढली आणि तिचा सच्छिद्र, हलका, पण बळकट प्रकार मिळाला. रेनकोटच्या कापडात तोच असतो. त्याच्या अतिपातळ जाळीच्या छिद्रांत नॅफिऑनसारखा पॉलिमर भरला की मेम्ब्रेन तयार. जाळी प्रोटॉन वाहत नाही, म्हणजे तेवढी जागा फुकट जाते. पण ती फिल्मला लांबी-रुंदीत पसरू देत नाही, सगळं फुगणं जाडीच्या दिशेला वळवते. जाडीत फुगलं तर कडांवर ताण येत नाही. शिवाय चीर पुढे सरकायला गेली की वाटेत धागे आडवे येतात. या आधारामुळे फिल्म दहा-पंधरा मायक्रॉनपर्यंत पातळ करता येते, आणि वाया गेलेल्या जागेची भरपाई त्या पातळपणातून होऊन वर काही उरतं. वाहकता कमी असूनही रोध कमी, हे विद्यार्थ्यांना समजावताना मला फार मजा येते.

मग सगळ्यांनी तेच वापरावं की. अडचण अशी की हे सगळं फ्लोरिनचं काम. महाग आहे, आणि युरोपात 2023 च्या सुरुवातीला पाच देशांनी अशा फ्लोरिनयुक्त रसायनांच्या अख्ख्या कुळावर निर्बंध घालायचा प्रस्ताव दिल्यापासून सगळे फ्लोरिनविना चालणारी मेम्ब्रेन शोधतायत. मी त्यातलीच. माझा पॉलिमर सल्फोनेटेड पीक. पीक म्हणजे यंत्रांचे भाग करतात ते दणकट प्लॅस्टिक. तीव्र गंधकाम्लात ते विरघळवायचं, तासन्‌तास ढवळायचं. द्रावण लालसर तपकिरी होतं. मग ते बर्फाच्या पाण्यात बारीक धारेनं सोडायचं की पांढऱ्या लडी तयार होतात. त्या धुवत राहायच्या, धुतलेल्या पाण्यातलं आम्ल संपेपर्यंत.

धुण्याचं पाणी हा आमच्याकडे वेगळाच विषय. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीखाली अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पाणी खारं आहे. बोअरच्या पाण्यानं ती लडी धुतली तर सल्फोनिक गटावरचा प्रोटॉन जाऊन तिथं सोडियम, कॅल्शियम येऊन बसतो. कॅल्शियमला दोन हात, तो दोन गट एकत्र बांधतो. फिल्म ताठ होते, फुगत नाही, ताकदीचा आकडा झकास येतो, आणि प्रोटॉन वाहायचे म्हटले तर बोंब. म्हणून फिल्म आम्लरूपात आहे की क्षाररूपात हेही विचारलं पाहिजे. आम्ही डिस्टिलेशनचं पाणी वापरतो, त्याच्या तापणाऱ्या कॉइलवर पांढरा थर इतक्या लवकर चढतो की आमचे लॅबमधले भाऊ तिला व्हिनेगरची आंघोळ घालायचा वार ठरवून बसले आहेत.

फिल्म ओतायचं काम मला सगळ्यात आवडतं. काचेची प्लेट स्पिरिट लेव्हल लावून सपाट करायची, डायमिथाइल ॲसिटामाइड या द्रावकातलं पॉलिमरचं दाट द्रावण तिच्यावर ओतून पट्टीनं एकसारखं पसरायचं, झाकून मंद आचेच्या ओव्हनमध्ये रात्रभर. सकाळी प्लेट पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवते. एका कोपऱ्याला ब्लेडचं टोक लावलं की तिथून पाणी आत शिरतं आणि एक चमकती रेघ काचेवरून हळूहळू सरकत जाते. रेघ पलीकडच्या कडेला पोचली की फिल्म आपोआप सुटून वर येते. घाई करून ओढली तर कडेला नजरेला न दिसणारे ओरखडे राहतात, आणि पुढे ओढायच्या यंत्रात पट्टी तिथूनच तुटते. म्हणून डंबेलच्या आकाराची पट्टी कापल्यावर मी प्रत्येकीच्या कडा भिंगातून बघते, ओरखडा असेल ती बाजूला. पण सेलमध्ये बसवताना ओरखडे टळतात थोडेच? गॅस्केटची धार, मेम्ब्रेनला लागून बसणाऱ्या कार्बन धाग्यांच्या कागदाचा टोचणारा धागा, काहीतरी असतंच. म्हणूनच पट्टीवर मुद्दाम चीर देऊन ती पुढे न्यायला किती ऊर्जा लागते ते मोजणं जास्त खरं. त्यासाठी सुरीच्या धारदार पात्यानं चीर उघडत नेण्याची पद्धतही काही प्रयोगशाळा वापरतात. पात्यामुळे चिरेच्या टोकाशी पॉलिमरला फार पसरून घसरता येत नाही, आणि येणारा आकडा नुसत्या फाडण्याच्या आकड्यापेक्षा खूप खाली असतो. तो आकडा मात्र कोणाला मिरवावासा वाटत नाही.

आणखी एक फसवा भाग सांगते, हा लेख वाचणाऱ्या एम.एस्सी.च्या पोरांसाठी. डायमिथाइल ॲसिटामाइड सल्फोनिक गटाला हायड्रोजन बंधानं धरून बसतं. ओव्हनमधून काढलेल्या फिल्ममध्ये ते बरंच उरलेलं असतं आणि पॉलिमरला मऊ करतं. अशी पट्टी ओढली की छान लांबते. लोक खूश. मग तीच फिल्म सौम्य गंधकाम्लात गरम करून, भरपूर पाण्यात धुऊन, सुकवून ओढा: लांबणं कुठल्या कुठं जातं. कोरडं सल्फोनेटेड पीक मुळात ठिसूळ. साखळीत बेंझिनच्या कड्या असल्यानं ती कडक, त्यामुळे साखळ्यांची एकमेकींत गुंतागुंत नॅफिऑनइतकी सैल आणि सरकती नसते. साखळी लांब असणं इथं फार महत्त्वाचं. छोट्या साखळ्या एकमेकींतून निसटून जातात आणि फिल्म तडकते. तडजोड म्हणून कण्यात अधूनमधून लवचिक तुकडा घालतात, किंवा साखळ्या एकमेकींना रासायनिक टाके घालून जोडतात. टाके जास्त झाले की फुगणं थांबतं खरं, पण पुन्हा ठिसूळपणाच पदरी.

मी करतेय तो प्रकार असा: पीव्हीडीएफ या प्लॅस्टिकचे (फ्लोरिन यातही आहे, ते मान्य) सूक्ष्म धागे विणून त्यांच्या चटईत हा पॉलिमर भरायचा. सिरिंजच्या सुईला 15 ते 20 किलोव्होल्ट दिले की द्रावणाची धार हवेतच ताणून धागा होते आणि समोरच्या पत्र्यावर जमा होते. पावसाळ्यात हे काम बंदच ठेवावं लागतं, दमट हवेत धाग्याला मणी पडतात. अडचण आता धाग्याची नाही, धागा आणि पॉलिमर एकमेकांना धरत नाहीत ही आहे. कोरडी असताना फिल्म उत्तम. चार-आठ वेळा भिजवून वाळवली की धाग्याभोवती बारीक पोकळ्या दिसायला लागतात. ओढण्याच्या चाचणीत हे कधीच कळलं नसतं. तिथं माझा आकडा साध्या फिल्मपेक्षा चांगलाच आहे. धाग्याच्या पृष्ठभागावर थोडे सल्फोनिक गट बसवता आले तर पकड येईल असं वाटतं. सध्या तेच चालू आहे.

रसायनाचा भाग वेगळा काढता येत नाही. मेम्ब्रेनमधून थोडा हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीच झिरपतो, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, आणि कुठून तरी लोहाचा अंश आला, स्टीलच्या पाइपातून किंवा वावरातल्या मातीतून, की त्या पेरॉक्साइडचे हायड्रॉक्सिल रॅडिकल होतात. ते साखळ्या कुरतडतात. साखळ्या आखूड झाल्या की चिवटपणा आधी जातो, वाहकता बरीच नंतर. म्हणजे सेल दिसायला ठणठणीत आणि मेम्ब्रेन आतून मोडीत निघालेली. यावर सिरियमचे आयन घालतात. ते रॅडिकलला इलेक्ट्रॉन देऊन शांत करतात आणि पुन्हा पूर्ववत होतात. पण सिरियम सल्फोनिक गटांवरच बसतं, म्हणजे प्रोटॉनची जागा अडवतं, आणि सेल चालताना एका जागी राहतही नाही. या खेळात फुकट काहीच मिळत नाही.

आमच्या भागात बसून या विषयाचा एक वेगळा उपयोग मला दिसतो, तो हायड्रोजनपेक्षा जवळचा. इलेक्ट्रोडायलिसिस. दोन इलेक्ट्रोडच्या मधे फक्त धन आयन पलीकडे जाऊ देणाऱ्या आणि फक्त ऋण आयन जाऊ देणाऱ्या मेम्ब्रेन आळीपाळीनं रचायच्या, वीज लावली की एकाआड एक कप्प्यातलं पाणी गोडं होतं आणि शेजारच्यात क्षार साठतात. 1950 च्या दशकापासून हे तंत्र वापरात आहे, आणि भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था यासाठीच्या मेम्ब्रेन आपल्याकडेच बनवण्यावर कित्येक वर्षं काम करते. समुद्राच्या पाण्याला ते महाग पडतं, कारण जितके क्षार काढायचे तितकी वीज. आमच्यासारख्या मध्यम खाऱ्या पाण्याला मात्र जमतं, आणि आरओपेक्षा वाया जाणारं पाणी कमी ठेवता येतं. आज गावोगाव आरओच्या कॅन फिरतात. मशीनमागच्या नालीतून किती पाणी वाहून जातं ते एकदा उभं राहून बघा.

इथंही मेम्ब्रेन मरते ती सुकून. कापडाचा आधार असला तरी क्षार काढणाऱ्या या फिल्म ओल्याच ठेवाव्या लागतात. शहरातल्या कारखान्यात ते सोपं. गावात वीज चार दिवस गेली, ऑपरेटर लग्नसराईत गुंतला, बाहेर 45 अंश आणि हवेत दमटपणा 15 टक्क्यांच्या आसपास. रचनेतलं पाणी उडून गेलं की मेम्ब्रेन आकसतात, कडांना तडकतात, आणि गोड्या कप्प्यात खारं पाणी शिरतं. या भागासाठी मेम्ब्रेन करायची तर तिची वाहकता पाच टक्के कमी असली तरी चालेल, पण ती सुकून पुन्हा भिजली तर जशीच्या तशी उभी राहिली पाहिजे. धान्य दळायची चक्की चालवणारा जो माणूस उद्या हे यंत्र चालवेल, तो मेम्ब्रेन डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवणार नाही.

ऋतूंचा त्रास मला आता उपयोगी पडायला लागलाय. एसी नसलेल्या खोलीत मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये तीच फिल्म ओढली तर दोन वेगळ्या पदार्थांचे आलेख वाटावेत इतका फरक पडतो. म्हणून वहीत प्रत्येक पट्टीपुढे दमटपणा, तापमान, आम्लरूप की क्षाररूप, धुतलेली की न धुतलेली, हे रकाने आखलेत. परीक्षक म्हणून पेपर आला तर हेच रकाने मी लेखकाला भरायला लावते. एकानं उत्तरात लिहिलं होतं की वाचकांना इतक्या तपशिलात रस नसतो. मला आहे.

आता कामाचं. ओढण्याचं यंत्र आमच्याकडे नाही, पट्ट्या घेऊन नागपूरला जावं लागतं, आणि तिथल्या यंत्राला दमट कोठी नाही. विदर्भात कोणाकडे 80 अंशांपर्यंत तापमान आणि दमटपणा दोन्ही राखणारी कोठी बसवलेलं यंत्र असेल, आणि सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास वापरू देत असतील, तर खाली कळवा. पट्ट्या मी ओल्याच, झिपलॉकमध्ये घालून, एसटीनं आणीन. यंत्राच्या जबड्याला रबर लावलेलं असावं, नाहीतर ओली पट्टी सटकते. नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे मी सोबत आणते.